देवीशेजारचा फोटो

तारापूरच्या कोळीवाड्यात, जमनाच्या भिंतीवर देवीच्या तसबिरीशेजारी बाबांचा हार घातलेला फोटो पाहून चंद्रकांता दारातच थबकली. तिचे बाबा, इथले डॉक्टर, जाऊन महिना झाला होता. उपाशी मुलाच्या अंगात आजाराशी झुंजायचं बळ उरत नाही, हे त्यांनी संशोधनातून दाखवून दिलं. मुंबईत त्यावर भाषणं झाली, सत्कार झाले. इथे मात्र ‘गोवर आलेल्या पोराला खाऊ घाला गं’ हे सांगता सांगता त्यांच्या घशाला कोरड पडली, तरी देवीच्या नावाचा उपास काही सुटला नव्हता.

कोपऱ्यात जमनाचा मुलगा गोवराने फणफणून निजला होता.

“याला उपाशी नाही ना ठेवलंस?” चंद्रकांताने धास्तावून विचारलं.

“देवीचा उपास? तो सोडला आमी, ताय. डॉक्टर लय चिडायचे त्याला.”

चंद्रकांताने पदराने डोळे टिपले. आज बाबा हवे होते.

“मग काय दिलंस खायला?”

जमनाने फोटोकडे पाहून मनोभावे हात जोडले.

“काय नाय. आता आमी डॉक्टरांचा उपास धरतो.”