पॉइंट पाच

शर्यत संपली की पहिल्या पाच गाड्या तपासणीच्या शेडमध्ये उभ्या करतात. तिची गाडी चौथी आली होती. अंतिम फेरीत पहिले तिघेच जाणार होते. बाकीच्यांना दुपारी एक शेवटची संधी होती.

ती हेल्मेट काखेत धरून उभी होती. उघड्या बॉनेटपाशी तिचे वडील होते. मैदानावर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दोन सीटांच्या त्या छोट्या गाडीला टर्बो बसवायचा हट्ट तिचा, हात मिस्त्रींचे. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा तो शंखासारखा लोखंडी तुकडा बसवण्यासाठी बापलेक आठ महिने गॅरेजात राबले होते.

तपासनीसाने गाडीला आपली वायर जोडली, छोट्या पडद्यावरचे आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मिस्त्री, हवेचा दाब पॉइंट पाच? या वर्गात पॉइंट आठपर्यंत परवानगी आहे."

"आज उकाडा आहे," मिस्त्री म्हणाले. "दाब नीट भरला नसेल."

"बाकीच्यांनाही हाच उकाडा होता की." तपासनीस हसला. "जास्त दाब भरणारे चोर मी दर शर्यतीला पकडतो. हक्काचं सोडून देणारा दानशूर आज पहिल्यांदा पाहिला." सही करून तो पुढच्या गाडीकडे गेला.

ती इंजिनावर वाकली. दाब ठरवणाऱ्या स्क्रूच्या नटावर पान्याचा ताजा ओरखडा होता.

"सकाळी सरावात आठ होता. मी स्वतः काटा बघितला होता. मध्ये कुणी हात लावला?"

मिस्त्री चिंधीने बोटं पुसत राहिले.

"बाबा."

"मी लावला."

तिने हातमोजे मडगार्डवर आपटले. शेडमधल्या चार माना वळल्या.

"दहा फेऱ्या! दहा फेऱ्या मी स्वतःला शिव्या घालत होते. माझा पाय पूर्ण दाबलेला, आणि तो तिसरा आलेला दाताचा डॉक्टर शेजारून असा निघून गेला, जशी काही मी दूध आणायला निघालेय. मला वाटलं, मीच कच खातेय. काट्याकडे बघायची शुद्ध होती का मला?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही कळू दे, मला कुणी हरवलं ते."

"हो, केला कमी!" आता मिस्त्रींचाही आवाज चढला. "पुन्हा करेन. तू आत बसतेस, तुला समोरचा रस्ता तेवढा दिसतो. एकदा बाहेर उभी राहून बघ. दर फेरीला तू त्या लांब पट्ट्यावरून येतेस आणि वळून दिसेनाशी होईपर्यंत इथे माझा जीव टांगणीला लागतो."

"मग शेवटच्या वळणावर काय दिसलं, ते सांगा."

मिस्त्री हातातल्या चिंधीची घडी घालू लागले.

"सांगा ना. सरळ पट्ट्यावर गाडीत ताकद नाही, तर मी भरपाई कुठे करणार? वळणावरच ना? इतक्या उशिरा ब्रेक मी आयुष्यात मारला नव्हता. गाडी मागून सुटली. टायरांची भिंत किती लांब राहिली होती?"

"वीतभर," ते म्हणाले.

"दाब आठ असता तर तिथे जीव पणाला लावायची वेळच आली नसती माझ्यावर."

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! मग तोंडावर सांगायचं होतं, पोरी, मला भीती वाटते, आज कमी ठेवू. मी भांडले असते. आदळआपट केली असती. पण मी कुठल्या गाडीत बसलेय, ते तरी मला माहीत असतं."

मडगार्डवरचे हातमोजे उचलून मिस्त्रींनी तिच्यापुढे धरले. तिने घेतले नाहीत.

"दुपारी शर्यत आहे," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर, आठ करा."

त्यांनी खिशातून पाना काढला आणि आत हात घातला. इंजिन अजून फणफणत होतं. तापलेल्या पाइपला मनगट टेकलं, त्यांनी ओठ आवळले, पण हात मागे घेतला नाही. तिला ते दिसलं. सकाळी जेवढा बाहेर काढला होता, बरोबर तेवढा स्क्रू त्यांनी आत घेतला, वरून नट आवळला आणि सरळ झाले.

"झाला."

तिने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला आणि त्याच नटाला लावून जोर दिला. नट केसभरही हलला नाही. बापाने आवळलेला नट तपासून बघायची वेळ तिच्यावर याआधी कधी आली नव्हती.

मिस्त्री भाजलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून बघत होते. तिने बॉनेट खाली घेतलं, पेटीतून चाकाचा मोठा पाना काढला आणि ती पुढच्या चाकाशी उकिडवी बसली.

"चाकं मी सकाळीच आवळलीत," ते म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिने पहिल्या नटावर पाना चढवला.