आकारामचा म्हसोबा

डोंगरातल्या बोगद्यातून निघणारी रेल्वेची नवी लाइन नेमकी आकारामच्या उसातून जाणार होती. मोजणीच्या खुंट्या बघून त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं ओढ्यातला धोंडा आणला, शेंदूर फासला आणि खुंटीशेजारी पुरला. रेल्वेचा सायेब मजूर घेऊन आला, तसा तो आडवा झाला.

"सायेब, हा आमचा म्हसोबा हाय, वाडवडलांपासनं. हलवलासा तर लय वंगाळ हुईल."

मजुरांनी कुदळी खाली टाकल्या. कटकट नको म्हणून सायबानं लाइन बांधापलीकडं सरकवली. तिकडं धाकट्या भावाचं, गुंडाचं रान होतं, आणि त्या बांधावरनंच दोघांचं बोलणं तुटलेलं. आकारामनं खुशीत धोंड्यापुढं नारळ फोडला.

रूळ पडले. रान गेलं म्हणून गुंडाला रेल्वेनं तिथल्याच फाटकावर नोकरीला घेतलं.

हंगाम लागला. आकाराम उसाची गाडी घेऊन कारखान्याला निघाला, तर वाटेत फाटक बंद. उन्हात बैलांच्या तोंडाला फेस आला, ऊस वाळायला लागला. रुळांवर लांबवर काही दिसेना.

शेवटी त्यालाच तोंड उघडावं लागलं.

"रेल्वे कवा यायची रं?"

गुंडा खाटेवरनं उठलासुद्धा नाही.

"तुज्या म्हसोबाला इचार की."