पाइपावरची खूण

खाण केव्हाच बंद झाली होती. आता पाणी उपसणंही थांबणार, म्हणजे खालचे बोगदे भरून जाणार. पंपवाल्याचा हात बटणावरच घुटमळला. खाणीत पाणी फुटलं तेव्हा त्याचा धाकटा भाऊ खालीच राहिला, सापडलाच नाही. त्या दिवशी दोघांचा अबोला होता, कुणी कुणाची छत्री नेली यावरून.

"काका, बटण आहे ते, रोग्याची नाडी नव्हे. दाबा की!" वीजवाला हसला.

पंप थांबला. वीजवाल्याने केबल कापली आणि गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात रिकाम्या पाइपातून टकटक आली. 'पाणी चढतंय, पंप चालू ठेवा,' असं सांगायला खालची माणसं पाइपावर असाच पाना आपटायची. आणि आताच्या टकटकीच्या शेवटी उगाच एक हलकी टिचकी. ती भावाची खोड.

वीजवाल्याचे हात थबकले. "काका, खाली तर कुणीच नाही ना?"

पंपवाल्याने मात्र सवयीने पाना उचलून पाइपावर ठोकला होता: ऐकलं, चालू ठेवतो.

मग त्याला कापलेली केबल दिसली.

खालची टकटक थांबली. एवढं उत्तर मिळालं की भाऊ निर्धास्त व्हायचा.