आईच्या नावाच्या गोळ्या

मुलीने डॉक्टरांच्या टेबलावर बाटली आपटली. वर ‘व्हिटॅमिन’ छापलेलं, आत फिटच्या गोळ्या. आईने काल दुपारभर बसून सहा महिन्यांच्या गोळ्या पट्ट्यांमधून एकेक सोडवल्या होत्या आणि या बाटलीत भरल्या होत्या. अंगठा दुखायला लागला तरी बाई उठली नव्हती.

“बघा हिचे प्रताप,” मुलगी म्हणाली. “चार दिवसांवर विमान आलंय माझं.”

“अहो, एवढीशी बाटली कोण उघडून बघतंय?” आई म्हणाली.

डॉक्टरांनी मुलीच्या हातातली विद्यापीठाची यादी घेतली. पासपोर्टच्या प्रती, लसींचे दाखले, जादाचा चष्मा, सगळ्यांपुढे आईनेच खुणा केल्या होत्या. एकच ओळ कोरी होती: औषधं कंपनीच्या पाकिटातच हवीत, वर नाव पासपोर्टवर आहे तसंच, सोबत डॉक्टरांचं पत्र.

डॉक्टरांनी कपाटातून केसपेपर काढला. नऊ वर्षांत चांगला फुगलेला. त्यावर नाव आईचं होतं.

मुलगी दहा वर्षांची असताना आईने याच टेबलापाशी हात जोडले होते. पोरीच्या कपाळावर शिक्का नको, चिठ्ठी माझ्या नावाने लिहा. डॉक्टरांनी लिहिली. पण अशी गोष्ट लपून थोडीच राहते! महिन्याभरात नात्यागोत्यात झालं, वहिनीला फिट येते. तेव्हापासून घरच्या कार्यात तिला कुणी शेगडीजवळ उभं राहू देईना. जिना चढताना कुणीतरी दंड धरायचं. आणि तान्हं मूल म्हणून कुणी तिच्या हातात दिलं नाही. तान्ह्या मुलांचं तिला भारी वेड. पण बाईने कधी हूं की चूं केलं नाही.

आता हे सगळं पोरीच्या वाट्याला घालायचं? मग नऊ वर्षं सोसलं ते कशापायी?

“विमानतळावर बाटली काढून घेतली, तर पहिल्याच आठवड्यात मी आडवी होईन,” मुलगी म्हणाली. “इथे मी पडले की तू धावत यायचीस. तिकडे कुणाला काय कळणार?”

“नावाशिवाय नाहीच का हो जमणार?” आईने डॉक्टरांनाच विचारलं.

मुलीचा आवाज एकदम खाली आला. “आई, तिकडे तरी मला माझ्या नावाने आजारी पडू दे ना.”



डॉक्टरांनी नवा कागद घेतला. “खोटं मीच लिहिलं होतं, आता खरंही मीच लिहितो. दहाव्या वर्षापासून माझ्या औषधावर आहे म्हणून.” मग ते थांबले. “बाई, बाहेर तुमच्या नणंदबाई बसल्यात. हवं तर पाकिटं आतच मागवतो.”

आईने बाटली उचलून पर्समध्ये टाकली आणि दार उघडून बाहेर गेली.

बाहेर वन्सं तान्ह्या नातीला लस टोचायला घेऊन आल्या होत्या. वहिनी शेजारी बसतेय म्हटल्यावर त्यांनी नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मोकळ्या हाताने वहिनीचा दंड धरला. “सावकाश हो वहिनी. पुन्हा आली का?” वन्संचं हळू बोलणंही दोन खोल्यांना ऐकू जायचं. मुलगी मागून आली आणि समोरच्या बाकावर बसली.

थोड्या वेळाने औषधांच्या खिडकीतून कंपाउंडरने सवयीने आईचं नाव पुकारलं. आई हलली नाही.

“बसा तुम्ही, मी आणते,” वन्सं म्हणाल्या.

“पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा की,” आई खिडकीकडे बघत म्हणाली. “आणि पुन्हा पुकारा. मोठ्याने.”

कंपाउंडरने चष्मा सारखा करून वाचलं. एकदा डॉक्टरांच्या दाराकडे बघितलं. मग मुलीचं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पासपोर्टवर होतं तसं.

मुलगी उठली. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. ती तशीच खिडकीपाशी गेली.

“अगं बाई!” वन्संचा हात अजून आईच्या दंडावरच होता. “म्हणजे हिला? आणि मग वहिनी, तुम्हाला?”

“मला कसली धाड भरलीय, वन्सं?” आईने दंड सोडवून घेतला आणि दोन्ही हात पुढे केले. “द्या तिला इकडे.”

वन्संनी गोंधळून नात दिली. नऊ वर्षांनी तान्ह्या मुलाचं वजन हातात आलं आणि आईचे डोळे भरले. तिने त्या डोक्याचा एकदा वास घेतला.

मुलगी पाकिटं छातीशी धरून परत आली. आई तिच्यासमोर उभी राहिली.

“ती पाकिटं माझ्याकडे दे,” ती म्हणाली, “आणि हिला धर.”