खड्यांची बाटली

थॅलेसेमियामुळे छोट्या मैथिलीच्या पित्ताशयात खडे झाले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी पित्ताशयच काढलं आणि खडे बाटलीत घालून हातात दिले. घरच्या गणपतीबरोबर तिनं ती बाटलीही विहिरीत सोडली आणि सगळ्यांबरोबर घसा ताणून ओरडली, "पुढच्या वर्षी लवकर या!" यंदा चतुर्थीच्या तोंडावर तिचे डोळे पुन्हा पिवळे झाले. "पित्ताच्या नळीत खडा आहे," डॉक्टर म्हणाले. तिच्या वडिलांना, अप्पांना कळेना, पित्ताशयच नाही तर खडा आला कुठनं? मैथिलीला ठाऊक होतं. तिनंच बोलावला होता. विसर्जनादिवशी काकांनी टेम्पोतला गणपती मुद्दाम दवाखान्यावरून नेला. ती सलाइन सांभाळत खिडकीशी आली. "पुट्टी, म्हण की, मोरया!" अप्पा लाडानं म्हणाले. "मोरया!" पुढची ओळ रस्त्यावर घुमली. तिनं ओठांवर हात दाबला. टेम्पो केशवापूरकडे वळला. हात काढून ती पुटपुटली, "लवकर ये रे. पण एकटाच ये."