पांढऱ्या बैलावरचं नाव
कालव्याच्या पाण्यासाठी गावानं रस्ता अडवला तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात धुरपताबाईचा नवरा गेला. इतक्या वर्षांनी सरकारनं गोपनीय चौकशी अहवाल खुला केला, पण गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या साहेबाचं नाव शाईनं काळं करून. धुरपताबाईनं गोळीबाराच्या दिवशीच साहेबाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली होती. पोळ्याला गावात बैलांच्या पाठीवर घोषणा लिहितात. तिनं लेकाकडून आपल्या पांढऱ्या बैलावर शिंगं रंगवायच्या वार्निशनं ते नाव हुद्द्यासकट लिहून घेतलं. मिरवणूक मारुतीपुढं आली आणि तलाठी पळत आला. "मावशी, हे नाव सरकारनं झाकलंय. आत्ताच्या आत्ता पुसा, नाहीतर गुन्हा दाखल होईल." धुरपताबाईनं रॉकेलचा बोळा त्याच्याच हातात दिला. "आमी लिवलंय. पुसायचं काम तुमचं." तलाठी बैलाकडं सरकला. बैलानं शिंगं रोखताच तो मागं हटला. "लय मारका हाय," ती म्हणाली. "लांबूनच वाचा."