भिंतीपलीकडचा सिनेमा

शेजारचा घड्याळजी दर रविवारी दुपारी एकच जुना सिनेमा लावायचा, तोही भिंत हादरेल इतक्या आवाजात. सुताराची काही तक्रार नव्हती. तो आणि त्याचा साडू जुन्या सिनेमांवर जीव टाकायचे. दोघं भिंतीला पाठ लावून नुसत्या कानांनी सिनेमा बघायचे. गोदामातली मारामारी आली की गप्पा बंद. काचा फुटायच्या, पट्टा सपासप वाजायचा आणि मग बाईची ती किंकाळी!

"काटा येतो अंगावर," साडू म्हणायचा. "आत्ताच्या नट्यांना सात जन्मांत जमायचं नाही."

"पण दर वेळी निराळीच वाटते रे."

"अरे, त्यालाच तर अभिनय म्हणतात!"

या रविवारी साडूने कुठूनतरी त्याच सिनेमाची डिस्क पैदा केली. दोघं मांडी ठोकून बसले. गोदाम आलं. काचा फुटल्या, खलनायकाचं नाक फुटलं. पट्टा कुठेच नव्हता. त्या गोदामात एकही बाई नव्हती.

सुताराने प्रसंग पुन्हा लावून पाहिला. साडू पुटपुटला, "मग इतके दिवस आपण दाद कुणाला देत होतो?"

सुताराला दर सोमवारी लंगडत पाणी भरणारी घड्याळजीची बायको आठवली. तेवढ्यात पलीकडे मारामारी सुरू झाली. हातोडा घेऊन तो धावला आणि घड्याळजीच्या दारावर घाव घालत सुटला. आत पट्टा वाजत होता. मग पट्टा थांबला.

किंकाळीची जागा आली आणि गेली. आज आत नुसता सिनेमाच चालू होता.